गॅस वाढला आहे

माझ्या पोलक्याची उजवी बाही शिंप्याला डावीपेक्षा अर्धं बोट सैल शिवावी लागते. शिंपी नवा असला की तो दोनदा टेप लावतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघतो. मी म्हणते, "बरोबर आहे माप, शीव तू." आता कोणाकोणाला सांगत बसू की वयाच्या पंधराव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत मी सोड्याचं चाक फिरवलं म्हणून? सांगायचाही कंटाळा येतो. पण एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे सुटले.

मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचं घर होतं. पुढच्या पडवीत बाबांचा सोड्याचा कारखाना. कारखाना हा शब्द बाबांचा. होतं काय, तर एक बिडाचं यंत्र, चार खोकी गोटीच्या बाटल्या, गाळलेल्या पाण्याचं पिंप आणि कोपऱ्यात भिंतीला साखळीने बांधलेला गॅसचा सिलिंडर. यंत्राच्या पोटात दोन बाटल्या बसवायच्या, वरून जाळीचं झाकण घट्ट लावायचं, गॅसची चावी जराशी सोडायची आणि चाक फिरवायचं. बाटल्या आत कोलांट्या खायच्या. पाण्यात गॅस मुरला की गोटी वर सरकून मानेतल्या रबरावर बसायची आणि टक् असा आवाज यायचा. तो आवाज आला की त्या काढायच्या आणि दुसऱ्या दोन घालायच्या. असं सकाळपासून जेवणापर्यंत.

बाबांना दमा. दहा फेरे फिरवले की छातीचा भाता सुरू. आईला स्वयंपाक, गुरं, पाणी. भाऊ माझ्याहून बराच लहान. मग चाक कोणाच्या वाट्याला येणार? सातवीची फायनल पास झालेली घरात बसली आहे, तिच्या. कधी एखादी जुनी बाटली आतल्या आत फुटायची, तेव्हा झाकण असूनही काच बाहेर यायची. माझ्या मनगटावर दोन व्रण आहेत. काकणं घातली की झाकतात.

आमचा सोडा खपायचा तो आगबोटीच्या जिवावर. मुंबईहून बोट यायची, ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, किनाऱ्याला यायची. रात्रभर बोट लागून लागून हिरवीपिवळी पडलेली माणसं. वाळूवर पाय टेकला की पहिला शब्द, "सोडो आसा काय रे?" कोणी घरच्यांना मिठी मारायच्या आधी सोडा मारायचा. त्यामुळे एप्रिल-मे, चाकरमानी गावी यायचे दिवस, हाच आमचा हंगाम. मे सरला की समुद्र खवळायचा, बोट बंद व्हायची ती पार पाऊस ओसरेपर्यंत. बोट बंद म्हणजे आमचं चाकही बंद. मला पाऊस आवडायचा तो एवढ्याचसाठी.

आता गॅसचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. गावातला एक व्यापारी घाटावरून भरलेले सिलिंडर आणून भाड्याने द्यायचा. सोडावाले सगळे त्याच्याकडूनच घ्यायचे. बाबांनी दोन-तीन वर्षं घेतले आणि मग त्यांच्या डोक्यात आलं की गॅसपेक्षा आपण भाडंच जास्त भरतो. माझा मामा मुंबईत छापखान्यात होता. त्याच्याकडून त्यांनी जुन्या बाजारातला एक सिलिंडर विकत आणवला. तो रिकामा झाला की बोटीत चढवायचा, धक्क्यावरून ठरलेला हातगाडीवाला तो गॅसच्या डेपोत पोचवायचा, मामा छापखान्यातून सुटल्यावर जाऊन पैसे भरायचा आणि पुढच्या बोटीने सिलिंडर भरून घरी. सगळं धरून खर्च निम्म्यावर आला. बाबा येईल त्याला हे सांगायचे. सिलिंडरवर पान्याने ठोकून दाखवायचे. भरलेला असला की आवाज बसका यायचा, रिकामा झाला की देवळातल्या घंटेसारखा वाजायचा. व्यापाऱ्याला हे अर्थातच आवडलं नाही. तो समोरून आला की बाबांना त्या सिलिंडरबद्दल खोचकपणे विचारायचा, "काय, मुंबयचो जावय बरो आसा मा?"

एक मात्र होतं. सिलिंडर एकच. तो मुंबईला गेला की आठ-दहा दिवस यंत्र गप्प. म्हणून वेळ साधावी लागायची. एप्रिलच्या शेवटी एकदा भरून आणला की तो मे महिनाभर पुरायचा. तो मे महिन्याचा सिलिंडर म्हणजे वर्षाची कमाई.

आणि आई. माझी आई लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण कुठला शब्द घरात उच्चारायचा आणि कुठला नाही, हे तिच्याकडून शिकावं. आमच्याकडे काही संपायचं नाही. कुंकू वाढायचं, बांगडी फुटली तर ती वाढायची, मीठ वाढायचं, तांदूळ वाढायचे. तसं बायका सगळीकडेच म्हणतात, पण आईची कडक शिस्त. मी लहानपणी एकदा "आये, गूळ संपलो" असं ओरडले तर तिने हातातलं काम टाकून येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला होता. "भरल्या घरात संपलो म्हणा नको गो! वाढलो म्हण." पुढे गॅस आला, तोही वाढायला लागला. चाक फिरवताना गोटी वर बसेनाशी झाली की आई आतूनच ओळखायची आणि बाबांना सांगायची, "ओ, आयकलात? गॅस वाढलो!" आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. वाढला म्हणजे संपला, हे आमच्या घरातल्या मांजरालासुद्धा कळत असेल.

मी सतरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारी एक क्रिस्तांव बाई राहायच्या, मिशनच्या शाळेत शिकवायच्या. सगळे त्यांना टीचर म्हणायचे. त्या संध्याकाळी पडवीत सोडा प्यायला यायच्या आणि माझ्याकडे बघून चुकचुकायच्या. "असां बैलासारखां चाक किते फिरयतां गो तूं?" मूळच्या गोव्याच्या, त्यांची बोली थोडी वेगळी. त्यांनीच मला रत्नागिरीच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंगचा अर्ज भरायला लावला. मी भरला आणि विसरले. मार्चमध्ये पत्र आलं, निवड झाली म्हणून. जूनमध्ये हजर व्हायचं. सरकारी विद्यावेतन नंतर मिळणार, पण सुरुवातीचे वसतिगृहाचे, जेवणाचे, पुस्तकांचे पैसे आपण बरोबर न्यायचे.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी ते पत्र चोळीत ठेवून दिवसभर चाक फिरवलं. घामाने शाई पसरली, तरी काढलं नाही. मास्तरीण होणार मी. खडू धरणार हातात, पाना नाही. इस्त्रीचं पातळ, पायात चपला, पोरं उभी राहून नमस्ते म्हणणार. टीचरने मला त्यांची जुनी लेदरची पर्स काढून दाखवली, म्हणाल्या, ही तुका. बाबांनी पत्र दोनदा वाचलं. आईला वाचून दाखवलं. मग सिलिंडरवर हात ठेवून म्हणाले, "ह्यो मे म्हयन्याचो शिलिंडर तुझो. ह्येतलो एक पैसो घरात लागाचो नाय."

बाबा बोलले ते बोलले. आईच्या पाटल्या बाबांच्या दुखण्यात आधीच गेल्या होत्या, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. एक सिलिंडर गॅस, एवढंच माझं शिक्षण. त्या दिवसापासून मी चाक जोरात फिरवायला लागले, जुना गॅस लवकर संपावा म्हणून. तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपला. वाढला म्हणायचं.

त्याच सुमारास मामाचं पत्र आलं होतं की डेपोत आता नवी पद्धत सुरू झाली आहे. प्रत्येक सिलिंडरच्या गळ्यात चिठ्ठी हवी. मालकाचं नाव, गाव, आत गॅस आहे की नाही आणि काय करायचं, हे सगळं स्वच्छ लिहिलेलं. आधी बाबा नुसती खडूने फुली मारायचे, पण पडावात खारं पाणी उडून ती पुसून जायची. बाबा म्हणाले, "तू लिही गो, तुझा अक्षर बरा." मी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, टाक घेतला. सकाळपासून शेवटच्या बाटल्या काढून माझे हात भरून आले होते. तरी रेघ मारून, वेलांट्या सांभाळून लिहिलं आणि ऐटीत मोठ्याने वाचून दाखवलं. "आतील गॅस संपला आहे. तरी त्वरित व्यवस्था व्हावी, ही विनंती."

आई चुलीपुढून उठून बाहेर आली.

"काय लिवलंस?"

मी परत वाचलं.

"संपलो लिवलंस? तुझ्या शिक्षणाच्या शिलिंडरार संपलो लिवतस? खुळी काय गो तू?"

"आई, तिकडे मुंबईत कोण बघतंय?"

"देव बघता. खोड ता आधी."

मी बाबांकडे बघितलं. बाबा हसून म्हणाले, "लिही बाये, तुझ्या आवशीक झोप लागाची नाय." मला खरं तर वाद घालायचा होता. एरवी घातलाही असता. पण अंगात त्राण नव्हतं आणि एका शब्दासाठी कोण भांडणार? मी नवा पुठ्ठा कापला आणि लिहिलं, "आतील गॅस वाढला आहे. तरी त्वरित व्यवस्था व्हावी, ही विनंती." वर मेणकापड शिवलं, सुतळीने गळ्यात बांधलं. आईने सिलिंडरला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी चार गड्यांनी तो पडावात चढवला आणि तो गेला.

आठ दिवसांनी बोट आली, त्यात सिलिंडर नव्हता. एखादी बोट चुकते, आम्ही म्हटलं. त्याच्या पुढची आली, तीतही नव्हता. मी बंदरावर जाऊन उभी राहायची. पडाव जवळ येताना आतलं सामान नीट दिसत नाही. ट्रंका, गादीच्या वळकट्या, टोपल्या. दोनदा मला सिलिंडर दिसला. एकदा ती गुंडाळलेली सतरंजी निघाली, एकदा कोणाचा तरी पत्र्याचा पाइप. माणसं वाळूवर उतरून ओकायची आणि ओळखीची असली की मलाच विचारायची, "सोडो खंय?" मी सांगायची, उद्या. सांगून सांगून तो शब्दही मला नकोसा झाला. पलीकडच्या दुकानातल्या बाटल्या फटाफट फुटायच्या आणि तो आवाज आमच्या पडवीपर्यंत ऐकू यायचा.

बाबांनी मामाला पत्र घातलं. मग अभिमान गिळून त्या व्यापाऱ्याकडे गेले, महिनाभर एक सिलिंडर भाड्याने दे म्हणून. तो म्हणाला, "माझे सगळे बाहेर गेले. तुमचो मुंबयचो येता मा?" आणि त्याच्या मागे तीन सिलिंडर उभे होते, बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. ते घरी येऊन खाटेवर आडवे झाले ते चार दिवस उठले नाहीत. दमा काय निमित्तालाच टेकलेला असतो.

मे महिना असा गेला. चाकरमानी आले, लग्नं झाली, आंबे झाले, चाकरमानी परत गेले. आमचं यंत्र पडवीत कोरडं. आईने त्याच्या चाकावर धुतलेली फडकी वाळत घातली होती.

मामाचं पत्र आलं ते मे संपताना. पोस्टमनने ते बाबांच्या हातात दिलं. आई आत होती, मी पायरीवर. बाबांनी वाचलं आणि ते आधी हसले. हसता हसता खोकला लागला, मग खोकून झाल्यावर त्यांनी पत्र माझ्याकडे दिलं आणि दुसरीकडे बघत बसले.

मामाने लिहिलं होतं की डेपोतला चिठ्ठ्या बघणारा कारकून गुजराती आहे. त्याला आपली अक्षरं वाचता येतात. त्याने 'आतील गॅस वाढला आहे, त्वरित व्यवस्था व्हावी' हे वाचलं आणि तो घाबरला. त्याला वाटलं, आतला दाब वाढला आहे आणि नळकांडं फुटेल म्हणून मालकाने कळवलं आहे. त्याने गडी बोलावून सिलिंडर उचलून लांबच्या शेडमध्ये ठेवला, त्यावर लाल चिठ्ठी लावली आणि तपासणीवाल्याच्या यादीत नाव टाकलं. तपासणीवाला महिन्यातून एकदाच येतो. मामा पैसे भरायला गेला तर कोणी त्याला सिलिंडरजवळ जाऊ देईना. मामाने परोपरीने सांगितलं, अहो, आमच्यात वाढला म्हणजे संपला. तो कारकून म्हणाला, "वाढला म्हणजे संपला कसा असेल? तुम्ही मला शिकवू नका." पहिल्या पत्राचं उत्तर मामाने म्हणूनच लांबवलं होतं, आज सुटेल, उद्या सुटेल करत. आता तपासणी झाली होती, सिलिंडर भरला होता, पण शेवटच्या बोटीत जागा मिळाली नाही. पावसाळ्यानंतर पाठवतो.

त्या कारकुनाची चूक नव्हती. मी पुष्कळ प्रयत्न केला त्याच्यावर रागवायचा, पण नाही जमलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं ना. वेलांट्या सांभाळून.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "आवशीक सांगा नको. नायतर जन्मभर मनाक लावून घेईत." मी मान हलवली. आई बाहेर आली तेव्हा बाबांनी पत्र खिशात घातलं आणि सांगितलं, "मेव्हण्याचा पत्र इला. बोट चुकली." आईने आमच्या दोघांकडे बघितलं आणि मग समुद्राच्या दिशेने हात करून जी सुरू झाली! "मेली ती बोट! माझ्या चेडवाचा वाटोळा केल्यान!" आणि तिने बोटीला, बोटीच्या कप्तानाला, पडाववाल्यांना, सगळ्यांना शिव्या दिल्या. बाबांनी पत्र नंतर यंत्राच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली टाकलं.

जून आला. टीचर म्हणाल्या, मी देते पैसे, चेडवाक धाडा. बाबा नको म्हणाले. का नको, तर नको. मला त्यांचा राग आला. अजून येतो, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो. रत्नागिरीला पत्र लिहून पुढच्या वर्षी घ्याल का विचारलं, तर पुन्हा नव्याने अर्ज करा असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी ऐन हंगामात बाबा दोन महिने अंथरुणावर होते, त्या सिलिंडरचे पैसे औषधाला गेले. त्याच्या पुढच्या वर्षी भावाची इंग्रजी शाळा. मग वयाची अट आली. मग मी अर्जाचा कागदच आणला नाही. तो अडकलेला सिलिंडर त्या पहिल्याच वर्षी आश्विनात आला होता, काठोकाठ भरलेला. बाबांनी पान्याने ठोकून बघितलं. आवाज अगदी बसका.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सकाळी उठायचं, पिंप भरायचं, चाक फिरवायचं. खांद्यातून कळ यायची ती रात्री कूस बदलताना कळायची. सिलिंडर जायचा, यायचा. चिठ्ठी आता बाबा लिहायचे, "रिकामा", आणि आईला ऐकू जाईल असं वाचायचे नाहीत. आईशीही माझं बोलणं कमी झालं. भांडण असं नव्हतं, पण मनात कुठेतरी असायचंच की हिच्या त्या एका हट्टापायी. ती जवळ येऊन बसली की मला उठावंसं वाटायचं. तीही फारसं बोलायची नाही. मीठ हवं असलं की रिकामी बरणी माझ्यापुढे आणून ठेवायची, "मीठ हाड", म्हणजे आण, एवढंच म्हणायची आणि परत चुलीकडे. बोटीला शिव्या घालणं मात्र तिने सोडलं नाही. दर वर्षी मे संपताना शेवटची बोट भोंगा देऊन गेली की ती पडवीत येऊन दोन शिव्या देणारच. मला तेव्हा वाटायचं, दे बाई, तुला काय माहीत आहे.

पुढे बाबा गेले. तोवर एसटीच्या गाड्या वाढल्या होत्या, माणसं घाटातून यायला लागली होती आणि दुकानांतून झाकणाच्या रंगीत बाटल्या दिसायला लागल्या होत्या. गोटीचा सोडा म्हाताऱ्यांच्या पोटदुखीपुरता उरला. जामसंड्याच्या एका दुकानदाराने यंत्र घेतो म्हणून सांगितलं, सिलिंडरसकट. ठरलेल्या दिवशी ट्रक यायचा होता. मी यंत्र पुसून तेल घातलं. बाटल्या मोजून खोक्यांत भरल्या. हत्यारांची पेटी उपडी केली तर तळाशी मामाचं ते पत्र. तेलाने पिवळं पडलेलं. मी ते पटकन मुठीत घेतलं, कारण आई समोरच बसली होती.

आई म्हणाली, "लपवू नको. माका ठावक आसा ता."

मी मूठ उघडली.

"चिठी लिही आता शिलिंडराची," ती म्हणाली. "तो माणूस नवो आसा, तेका कळूक व्हया भरलेलो काय नाय."

मी पुठ्ठा कापला. टाक शाईत बुडवला आणि तसाच धरून बसले. जुनी सवय, मी विचारलं, "काय लिहू?"

"लिही, संपलो."

मी तिच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द ऐकत होते. ती भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं, आणि माझ्याकडे न बघता सिलिंडरकडे बघत होती.

"तेवाच तसा लिवक व्हया होता," ती म्हणाली. "मी आड इलंय."

"तुला कोणी सांगितलं?"

"टीचरीन. त्याच आठवड्यात पेटीतला पत्र काढून तिच्याकडे घेवन गेलंय. माका अक्षरा वाचूक येनत नाय, तोंडा येतत. तुझो बापूस म्हणालो बोट चुकली, तेवाच कळला काय तरी येगळा आसा."

"मग बोटीला एवढ्या शिव्या..."

"तुका वाटूक नको, आये जाणता म्हणान. तू लिवलंस ता, तुझ्याच हातान. तुका वायट वाटला असता."

मला रडू फुटलं. किती वर्षं आम्ही तिघं एकाच घरात एकमेकांपासून एकच कागद लपवत होतो आणि ती बिचारी बाई दर वर्षी बोटीला शिव्या देत होती, माझ्यासाठी. आणि मग माझ्या लक्षात आलं, त्या मे महिन्यानंतर आईने कधीही मीठ वाढलं म्हटलं नव्हतं. तांदूळ वाढले नाही, कुंकू वाढलं नाही, काही नाही. नुसतं, मीठ हाड. तांदूळ हाड. मी रोज ऐकत होते आणि मला कळलं नव्हतं. मी, जी मास्तरीण होणार होते.

बाहेर ट्रकचा आवाज आला. मी डोळे पुसले आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "गॅस संपला आहे." आई उठून जवळ आली. खाली वाकून ती अक्षरं तिने नीट बघितली, एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, शाई ओली होती तरी.

"ह्येचो अर्थ एकच आसा मा गो?" तिने विचारलं.

"होय आई," मी म्हटलं, "एकच."